मुलाखतीसाठी एक पडदा

ग्रंथालयाच्या समितीत तीनच माणसं होती, पण त्या तिघांनी मिळून ग्रंथपालबाईंच्या नाकी नऊ आणले होते. अध्यक्षांचं कापडाचं मोठं दुकान होतं. चिटणीस पूल बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते, आणि कागदावर तक्ता आखल्याखेरीज त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. तिसऱ्या सभासद दातांच्या डॉक्टर. समोरचा माणूस बोलू लागला की त्या त्याचं बोलणं सोडून त्याचे दात बघत बसतात, असा बाईंचा जुना संशय होता.

भांडण होतं बालविभागाच्या जागेवरून. ती जागा दहा महिने एका हंगामी बाईनं सांभाळली होती. मुलं तिला ताई म्हणत, म्हणून सगळेच ताई म्हणत. ती येण्याआधी बालविभागात शुक्रवारी सहा मुलं आली तरी ग्रंथपालबाई खूश असायच्या. आता चार वाजता शटर वर गेलं की रांग पार पायऱ्यांपर्यंत जायची. ताईची एक रीत होती. मूल पुस्तक परत घेऊन आलं की शिक्का मारण्याआधी ती त्याला विचारायची, "यात सगळ्यात वाईट कोण वागलं?" वाचलेलं मूल त्यावर तावातावानं भांडायला लागायचं. न वाचलेलं मूल छताकडे बघायचं, आणि ताई ते पुस्तक गुपचूप त्याच्याच हातात परत द्यायची. एवढ्या साध्या गोष्टीवर मुलं वाचायला लागली, आणि वीस वर्षं ग्रंथपालाच्या खुर्चीत काढूनही हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचं बाईंना थोडं वाईटही वाटायचं.

ताई काही गोड स्वभावाची नव्हती. मुलाच्या हातातलं पुस्तक बदलून दुसरं देणाऱ्या आईला ती सरळ विचारायची, "वाचायचं कुणाला आहे, तुम्हाला की त्याला?" बाईंना तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की कार्डावरचं तुमचं अक्षर तुमचं तुम्हालाच लागत असणार. बाईंना राग आला होता, मग त्यांनी कार्डं पाहिली आणि मुकाट्यानं नवी लिहायला घेतली.

आणि ताईचा चेहरा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ती उठली तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू उठलीच नाही. औषधपाणी झालं, बोलणं पूर्ववत झालं, पण गाल ओघळलेला तो ओघळलेलाच राहिला. डावा डोळा नीट मिटत नसे. ती हसली की एकच बाजू वर जायची आणि समोरच्याला वाटायचं, ही आपली टर उडवते आहे. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, तुझं तोंड वाकडं का? तिनं सांगितलं, एक नस झोपली ती उठत नाही, पुढचा प्रश्न. पुढचा प्रश्न भुतांची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत असा होता, आणि मुलांपुरता विषय तिथंच संपला.

समितीपुरता मात्र तो संपत नव्हता. जागा कायम करायची म्हणून दोनदा मुलाखती झाल्या. पहिल्या वेळी ताईला अनुभव कमी पडला. दुसऱ्या वेळी अनुभव होता, तेव्हा म्हणे उमेदवारच मनासारखे आले नाहीत, जागा तशीच ठेवू.

"बाई, एक सांगा," अध्यक्ष तेव्हा समजुतीच्या सुरात म्हणाले होते, "दुकानाच्या दर्शनी भागात आपण काय लावतो? चांगल्यातला चांगला माल. आत कितीही भारी कापड असू दे, काचेत जे दिसतं त्यावर गिऱ्हाईक पायरी चढतं."

"ते गिऱ्हाईक सात वर्षांचं आहे, अध्यक्षसाहेब. आणि पायरी चढून रांगेत उभं आहे. खाली जाऊन बघून या."

"तुम्ही चिडता लगेच."

चिडू नको तर काय करू, असं बाईंना विचारायचं होतं. अध्यक्ष खाली गेले नाहीत. ते कधीच जात नसत. तिघंही पाठीमागच्या जिन्यानं वर यायचे, बैठक करायचे, बिस्किटं संपवायचे आणि त्याच जिन्यानं उतरायचे. ताईला त्यांनी दोन मुलाखतींत मिळून दहा मिनिटं पाहिलं होतं, आणि त्या दहा मिनिटांतही तिला दोन वाक्यं धड बोलू दिली नव्हती. डॉक्टरीणबाईंना ती कुत्सित वाटली. "मी प्रश्न विचारला तर हसली हो माझ्याकडे बघून," असं त्या अजून सांगत होत्या. हंगामी माणूस वर्षभराच्या आत एक तर कायम करायचा नाही तर सोडायचा, असा नियम होता. म्हणजे ही तिसरी मुलाखत शेवटची. यात ताई राहिली तर राहिली, नाही तर महिनाअखेर गेली.

बाईंचा तिळपापड व्हायचा. माणसं माणसाला बघतात कशाला, ऐकत का नाहीत, या एका प्रश्नानं त्यांचं डोकं उठलं होतं. आणि त्या डोकं उठल्याच्या भरातच त्यांना पडदा सुचला. कुठल्याशा गायनस्पर्धेत परीक्षक पडद्यामागून ऐकतात, असं त्यांनी कधी तरी ऐकलं होतं. मग मुलाखतीत का नको? उमेदवार पडद्याआड बसेल. नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. समिती नाही म्हणणार अशी तयारी करून त्या बैठकीला गेल्या, तर अध्यक्षांना कल्पना एकदम पसंत पडली. म्हणाले, असं कुठंच करत नसतील, वर्तमानपत्रात देऊ. चिटणीसांनी तिथल्या तिथं तक्ता आखला.

पडदा बाईंनी स्वतःच्या झोपायच्या खोलीतला आणला. नवरा शिडी धरून उभा होता.

"आता सकाळी ऊन तोंडावर येणार माझ्या."

"चार दिवस तोंडावर ऊन घ्या. कुणाची तरी नोकरी वाचते आहे."

"कोण ती? दिसायला फारच वाईट आहे का?"

बाईंनी शिडीवरून खाली असं पाहिलं की नवऱ्यानं पुढं विचारलं नाही. पडद्याबद्दल ताईला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत आठवडा गेला. शेवटी त्यांनी ठरवलं की सगळ्यांनाच ऐन वेळी कळेल, त्यात काय सांगायचं. आणि मुलाखतीचा शुक्रवार उजाडला.

दुपारी दोनला मुलाखती सुरू झाल्या. दोन खिळ्यांना दोरी, दोरीवर पडदा, पडद्याआड खुर्ची आणि तिथं जायला वेगळं दार. सगळं चोख होतं, फक्त पडदा जमिनीपासून वीतभर वर राहिला होता. पहिला उमेदवार आत येऊन बसला तसे अध्यक्ष हळूच टेबलाखाली वाकले.

"काय बघताय?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही. बूट पॉलिश केलेले आहेत. माणूस व्यवस्थित दिसतो."

चिटणीसांनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. बाईंनी मान लांब करून वाचलं, तर 'नीटनेटकेपणा : चांगला' असं होतं. त्या उठल्या, कोपऱ्यातली पुस्तकांची तीन खोकी ओढत आणली आणि पडद्याच्या खालच्या फटीला लावून टाकली. पाठ धरली, पण बूट दिसेनासे झाले.

दुसरी आली ती अत्तर लावून. अध्यक्षांनी नाक वर करून मान डोलावली. तिसरीचा आवाज अगदी मधाळ होता. "मुलं किती निरागस असतात ना," ती म्हणाली. पुस्तक फाडून आणणाऱ्या मुलाला काय कराल, असं विचारलं तर तिनं सांगितलं, प्रेमानं समजावीन. न वाचता परत आणणाऱ्याला? त्यालाही प्रेमानं समजावीन. तिला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या प्रेमात बुडून जात होता, आणि पलीकडे अध्यक्ष डॉक्टरीणबाईंच्या कानात सांगत होते, "आवाजावरून कळतं हो. दिसायलाही छान असणार."

"हसतेय बोलताना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात सरळ असल्याशिवाय स चा उच्चार असा येत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. डोळ्यांपुढं पडदा बांधा, खोकी लावा, ही माणसं कानांनीसुद्धा चेहराच बघत होती. चौथा उमेदवार काय बोलला हे बाईंच्या लक्षातच राहिलं नाही. त्या घड्याळ बघत होत्या.

पाचवी ताई. दार वाजलं, पावलं आली आणि मध्येच थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"बसलात का?" चिटणीसांनी विचारलं.

"बसले," पडद्यामागून आवाज आला. साधा, थोडा जाडसर आवाज. तिघांपैकी कुणीही तो ओळखला नाही.

"मुलानं पुस्तक फाडून आणलं तर काय कराल?"

"शेजारी बसवून त्याच्याकडूनच चिकटवून घेईन. वाकडं चिकटवलं तर वाकडंच राहू देईन. पुढच्या वेळी तेच पुस्तक दुसऱ्या कुणी नेलं की ते पान आपण लावलंय हे तो सगळ्यांना सांगत सुटतो. पुन्हा फाडत नाही."

"आणि फाडलं नाही असं खोटं बोलला तर?"

"खोटं बोलू देते. डिंक फक्त समोर ठेवते."

अध्यक्ष हसले. बाईंनी त्यांना मुलाखतीत हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी स्वतःहून विचारलं, "समजा मुलाच्या वडिलांनी तक्रार केली, की तुम्ही भुतांची पुस्तकं देता, पोराला झोप येत नाही?"

"वडिलांना विचारते, पोरगं रात्री कुणाजवळ जाऊन झोपतं. बहुतेक त्यांच्याजवळच झोपत असतं. मग तक्रार कमी होते."

"पुस्तकं बंद करणार नाही?"

"नाही. यादीतून पुस्तक काढायचं असेल तर समितीनं ते आधी वाचावं. मी तेवढं सांगेन."

हे जरा झोंबणारं होतं, पण पडद्यामागून आल्यामुळं समितीला ते बाणेदार वाटलं. पंधरा मिनिटं ठरली होती, त्याचा अर्धा तास झाला. डॉक्टरीणबाईंनी आपल्या नातवाचं काहीतरी विचारून घेतलं आणि उत्तर कागदावर टिपून ठेवलं. चिटणीसांनी बेरीज केली, पुन्हा केली आणि तक्ता सगळ्यांपुढं फिरवला. पाचव्या क्रमांकाला तिघांचेही सर्वांत जास्त गुण होते. मधाळ आवाज बराच मागं, दुसरा.

बाईंना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांना वाटलं, झालं. दहा महिन्यांची कटकट एका चादरीएवढ्या कापडानं मिटली.

"बोलवा तर खरं," अध्यक्ष हात चोळत म्हणाले. "अशी माणसं हवीत. बघू या तरी कोण आहे." आणि ते स्वतःच उठले, खोक्यांवरून वाकले आणि त्यांनी पडदा बाजूला ओढला.

ताई खुर्चीत बसली होती. तिनं तिघांच्या तोंडांवरचा आनंद पाहिला आणि ती हसली. मनापासून हसली, म्हणूनच तिचा उजवा गाल जरा जास्तच वर गेला. डॉक्टरीणबाईंनी नातवाचा कागद हळूच पर्समध्ये टाकला. अध्यक्षांचा हात पडद्यावरच राहिला होता, सोडावा की धरून ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"अरे वा," ते शेवटी म्हणाले. "आपल्याच बाई. छान. गुणांचा प्रश्नच नाही, नेमणूक होणारच. शब्द म्हणजे शब्द." ते परत येऊन बसले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. "फक्त जागेचं जरा बघू. आतली खोली आहे ना, दुरुस्तीची? पुस्तकं बांधायची, फोन घ्यायचे. आवाज उत्तम आहे यांचा. फोनला फारच छान. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या त्या मुलीला हंगामी म्हणून बालविभागात बसवू. म्हणजे दोघींचंही झालं."

दोनदा हातातून गेलेली गोष्ट आता हातात आली होती, आणि एक शब्द इकडचा तिकडं झाला तर हे तिघं तक्ताच फाडतील अशी बाईंना भीती वाटली. आधी नोकरी पक्की होऊ दे, टेबलाचं नंतर बघता येईल, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. नीट आलंही नाही, त्याआधी तोंडातून शब्द गेले.

"चालेल," बाई म्हणाल्या. "बसेल ती आत. तिला सवय आहे आतल्या कामाची."

तिला अजिबात सवय नव्हती. आतल्या खोलीत ती दहा महिन्यांत डिंक आणायला तेवढी गेली असेल. चिटणीसांचं पेन भराभरा कागदावर चालू लागलं.

ताई उठली. ती अध्यक्षांकडे वळलीच नाही.

"बाई, हा पडदा तुमच्या घरचा ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"आत आले तेव्हाच लक्षात आलं माझ्या. बाकीच्या चौघांना तो लागला नसता. एकटीसाठी केलात. मी परतच जाणार होते. मग म्हटलं, बघू तरी एकदा, न दिसता मी कशी वाटते लोकांना." ती थांबली. "बरी वाटले. तुम्हाला तर फारच बरी वाटले."

"अगं, मी तुझ्याच बाजूनं..."

"माहीत आहे. हे साहेब मला ओळखत नाहीत, त्यांना मी काय बोलू. तुम्ही ओळखता. मला विचारायचं तरी होतं." तिनं खुर्ची जागेवर सरकवली. "मला त्या टेबलावरून उठवायचं असेल तर पत्रात लिहून पाठवू नका. चार वाजता खाली या आणि मुलं असताना सांगा. चार वाजतच आलेत, मला शटर उघडायचंय."

ती समोरच्या दारानं गेली, आणि पावलं खाली उतरत गेली. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"स्वभाव जरा तिखट आहे नाही? पडद्यामागून एवढा वाटला नव्हता."

बाईंच्या डोक्यात एकदम काहीतरी तुटलं. पण दहा महिने या माणसावर चढणारा राग आज त्याच्यापर्यंत पोचेचना. तो अर्ध्या वाटेवरून परत फिरत होता आणि त्यांच्या स्वतःच्याच अंगावर येत होता. या तिघांनी निदान ताईला ओळखत नसताना तिच्यावर शिक्का मारला होता. बाईंनी ओळखून मारला.

"चिटणीस, काय लिहिलंत ते वाचा," त्या म्हणाल्या.

चिटणीसांनी चष्मा सारखा केला. "उमेदवार क्रमांक पाच यांची नेमणूक आतील खोलीत. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, ग्रंथपाल."

"खोडा ते."

"इतिवृत्तात खोडता येत नाही बाई. खाली वाढवता येतं."

"मग वाढवा. लिहा, अनुमोदकानं उमेदवाराला विचारलं नव्हतं. आतल्या कामाची सवय आहे हे अनुमोदकानं खोटं सांगितलं. नेमणूक बालविभागात, मुलांच्या टेबलावर. नसेल मान्य तर अध्यक्षांनी चार वाजता माझ्याबरोबर खाली यावं आणि मुलांसमोर तिला उठवावं. मी उठवणार नाही."

चिटणीसांनी सगळं शब्दन्‌शब्द लिहिलं, कारण लिहायला सांगितलेलं लिहायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं. मग नियमाप्रमाणे एकसुरी आवाजात वाचूनही दाखवलं. 'खोटं सांगितलं' या शब्दांवर ते जराही थांबले नाहीत. बाईंनी सही केली. अध्यक्ष बराच वेळ दाराकडे बघत बसले. खाली जायचं की नाही, याचा ते खरोखर विचार करत होते. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे, तुमचा विभाग, तुम्ही बघा," आणि त्यांनी सही केली. मग तिघंही पाठीमागच्या जिन्यानं उतरून गेले.

बाई खाली आल्या तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. त्या बाजूनं टेबलाशी गेल्या. ताई तारखेचा शिक्का फिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

"पत्र द्यायला आलात की माफी मागायला?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या.

"मग सोपं असेल ते आत्ता सांगा. अवघड ते उद्या. मुलं थांबलीत."

"टेबल तुझंच आहे. लिहून झालंय, सह्या झाल्यात."

"बरं." तिनं एका मुलीचं कार्ड घेतलं, तारीख मारली आणि परत दिलं. "उद्या आठला येते मी. तेव्हा कुणी नसतं."

"मी पावणेआठलाच येईन."

"या. आणि बोलताना माझ्याकडे बघा."

बाई चटकन तिच्याकडे बघायला गेल्या आणि तेव्हा त्यांना कळलं की आत्तासुद्धा त्या तिच्या खांद्यामागच्या कपाटाकडे बघत होत्या. दहा महिने त्या ताईशी त्या कपाटाकडे बघूनच बोलत आल्या होत्या. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण असं करतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, आणि हे ताईच्या लक्षात आलं असेल असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.